इंदूरची यादी मी देत नाही

डिसेंबर लागला की माझा फोन वाजायला लागतो. नाशिकमधलं कुणी ना कुणी उज्जैन-ओंकारेश्वरच्या वाटेला लागलेलं असतं, मध्ये एक मुक्काम इंदूरला असतो, आणि इंदूरचं काही विचारायचं तर हिलाच, असा आमच्या नात्यागोत्यात एक समज आहे. "अगं, चांगलं खायला कुठं कुठं मिळतं, तेवढी यादी टाक ना व्हॉट्सअ‍ॅपवर." समज अगदीच खोटा नाही. औषध कंपन्यांचं गुणवत्तेचं ऑडिट करणं हे माझं काम. इंदूरजवळच्या पीथमपूरला औषधांचे कारखाने भरपूर, त्यामुळे नाशिक-धुळे-सेंधवा हा रस्ता मला रात्रीच्या बसच्या खिडकीतून पाठ आहे. शिवाय याद्या हे तर माझं पोटापाण्याचं साधन. जाडजूड चेकलिस्ट बगलेत असल्याशिवाय मी कारखान्यात पाऊलच टाकत नाही.

तरी ही एक यादी मी देत नाही.

देण्यासारखं त्यात काही नाही म्हणून. ती सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच असते. छप्पन दुकान, सराफा, जोशींचा दहीवडा, विजय चाट हाऊसचे खोपरा पॅटिस, जॉनीचा हॉट डॉग, पोहे-जलेबी. नावं सगळी बरोबर आहेत. पण ती खिशात घालून गेलेले बरेच जण परत आल्यावर सांगतात, "बरं होतं गं, पण एवढं काय त्याचं?" जरा खोदून विचारलं की उलगडा होतो. पोहे खाल्ले साडेअकराला, हॉटेलातला फुकटचा नाश्ता उरकून. सराफ्यात गेले संध्याकाळी सातला, कारण मुलांना लवकर झोपवायचं होतं. तेव्हा तिथं सोन्याची दुकानं उघडी होती आणि खाण्याचा पत्ता नव्हता. गराडू हा थंडीतला कंद, तो शोधला एप्रिलमध्ये. जागा बरोबर, वेळ चुकलेली.

खाण्यावर जीव असलेल्या शहरात ‘कुठं खाऊ’ हा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न ‘कधी’. आणि तो आपण विचारतच नाही, कारण फोनवरचे तारे वेळ सांगत नाहीत. साडेचार तारे म्हणजे सकाळी सातचे की दुपारी दोनचे? पहिल्या घाण्याचे की शेवटच्या? सगळ्यांची सरासरी काढून एक आकडा तयार होतो आणि आपण त्याच्यावर विसंबून रिक्षात बसतो. माझ्या कामात औषधाच्या एका बॅचचा अहवाल दाखवून कुणी सगळ्या वर्षाची हमी द्यायला लागलं, तर मी त्याला दारातूनच परत पाठवीन. जेवणाच्या बाबतीत मात्र आपण सगळे ही हमी बिनतक्रार घेतो.

आता पोह्यांचंच घ्या. इंदूरचे पोहे आपल्यासारखे कढईत परतून, झाकण ठेवून, ताटलीत येत नाहीत. खाली पाण्याचं मोठं पातेलं उकळत असतं आणि वरच्या पातेल्यात पोहे वाफेवर बसलेले असतात. तेल बेताचं. फोडणीत बडीशेप, जी आपल्याकडे पोह्यात घातली तर सासूबाई भुवया उंचावतील. कांदा परतलेला नाही, वरून कच्चा. मग शेव, कोथिंबीर, हंगाम असेल तर डाळिंबाचे दाणे, लिंबू, आणि सगळ्यात शेवटी जिरावन. हा हिंग, जिरं, आमचूर, काळं मीठ असं बरंच काही एकत्र कुटलेला मसाला इंदूरकर कशावरही भुरभुरतो. मला वाटतं, मोकळं सोडलं तर तो वर्तमानपत्रावरही भुरभुरेल. हे सगळं मिसळायचं नसतं. शेव कुरकुरीत आहे आणि खालचा पोहा वाफेनं ओला आहे, एवढ्या दोन-तीन मिनिटांतच तो पदार्थ खरा असतो.

आणि वाफेचं गणित सोपं आहे. सकाळी सात-साडेसातला गिऱ्हाइकांची रांग असते, पातेलं भराभर उपसलं जातं, पोहे वाफेवर फार वेळ राहतच नाहीत. उन्हं वर चढली की तेच पातेलं, तोच माणूस, पण पोहे तळाला गिच्च आणि कडेला कोरडे. मिळतात, नाही असं नाही. पण ते खाऊन शहराबद्दल मत बनवू नये. जलेबीचंही तेच. ती पोह्यांच्या जोडीला असते ती गोडाची हौस म्हणून नाही; तिखट, आंबट, खारट यांच्या मध्ये एक गरम गोड घास हवा म्हणून. गार झालेली जलेबी हा नुसता पाक.

राजवाड्याच्या आसपास उसळ-पोहेही मिळतात. पोह्यांवर मोडाच्या कडधान्याची तिखटजाळ उसळ, वर शेव. पहिल्यांदा खाल्ले तेव्हा मी मनात म्हटलं, ही तर आपली मिसळ, फक्त पावाच्या जागी पोहे घेऊन आलेली. होळकरांच्या शहरात याचं नवल वाटायला नको. मराठी कुटुंबं इथं पिढ्यान् पिढ्या राहिली, रामबागेसारख्या वस्त्यांत अजून आहेत, आणि त्यांची मराठी ऐकायला मला फार आवडते. क्रियापदं मराठी, बाकी वाक्य कुठंही फिरून येतं. उसळ-पोहे कुणी पहिल्यांदा केले यावर तिथं दोन मतं ऐकायला मिळतात, आणि दोन्ही मतांचे लोक एकाच गाडीवर उभे असतात.

आता सराफा. हा खरा वेळेचा खेळ. बडा सराफा म्हणजे राजवाड्यामागची सोन्या-चांदीची पेठ. दिवसभर तिथं तराजू, कसोटीचे दगड, लग्नाची खरेदी. रात्री दुकानांची शटरं खाली येतात आणि त्याच दुकानांसमोर, त्याच ओट्यांवर शेगड्या पेटतात. सोन्याची पेठ रात्री ओस पडू नये, माणसांचा राबता राहावा, म्हणून सराफांनीच खाण्याच्या गाड्यांना जागा दिली, असं तिथले जुने लोक सांगतात. कारण काहीही असो, व्यवस्था नामी आहे: एकच गल्ली दोन पाळ्यांत चालते. कारखान्यात आम्ही पाळी बदलायच्या वेळेला मुद्दाम हजर राहतो, कारण सगळी गडबड तेव्हाच दिसते. सराफ्यात मात्र पाळी बदलताना जाऊ नये. नऊला गेलात तर कढया नुकत्या चढत असतात. दहा-साडेदहानंतर गल्लीला रंग भरतो आणि मध्यरात्र उलटली तरी उतरत नाही.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती कुठल्या यादीत नसते. कामानिमित्त एकटीनं फिरणाऱ्या बाईचं रात्रीचं जेवण म्हणजे बहुतेक शहरांत खोलीवर मागवलेला डाळ-भात. बाहेर पडावं तर रेस्टॉरंटमध्ये चौघांच्या टेबलावर एकटीनं बसायचं, आणि वेटरचा तो प्रश्न: "और कोई आनेवाला है?" सराफ्यात हा प्रश्नच उरत नाही, कारण बसायला जागाच नाही. सगळे उभे. रात्री साडेअकराला आज्या आहेत, कडेवर झोपलेली पोरं आहेत, परीक्षेचं ओझं विसरायला आलेल्या कॉलेजच्या मुली आहेत. माझ्या हातात भुट्ट्याचा किस, बाजूच्या अनोळखी बाईच्या हातातही भुट्ट्याचा किस. ती मला सांगते, "दीदी, थोडा नींबू और डलवा लो." एवढ्यानं जेवण सोबतीचं होतं. एखादं शहर खाण्यावर प्रेम करतं की नुसतं खाण्यावर पैसे खर्च करतं, हे मी तिथं एकट्या बाईला रात्री निवांत उभं राहून खाता येतं का यावरून ठरवते.

त्या किसाबद्दल. मक्याचं कणीस किसून तूप, दूध, हिंग, जिरं, मिरची घालून मंद आचेवर आटवतात. दिसायला पिवळसर पिठल्यासारखं, वर खोबरं नि कोथिंबीर. मका कोवळा असला की दूध आणि मक्याचा रस एकमेकांत मुरतात. जून असला की किस पिठूळ होतो आणि वरून कितीही तूप सोडा, ते वेगळंच तरंगतं. म्हणजे पुन्हा हंगाम आला. जोशींचा दहीवडा मात्र बारमाही. द्रोण हवेत भिरकावून झेलण्याचा तो खेळ सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलेला आहे. मला त्यांचा हात जास्त आवडतो. एकाच चिमटीत चार-पाच मसाले घेतात आणि दह्यावर ते एक-एक करून वेगवेगळे सोडतात. सगळे एकदम पडत नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत वजनकाट्यावर बसणाऱ्या मुलांना हे दाखवायला न्यावं असं माझ्या फार मनात आहे.

"पण रस्त्यावरचं खाऊन पोट बिघडलं तर?" हा प्रश्न आमच्याकडे काका लोक हमखास विचारतात, आणि त्यांच्याच घरातली तरुण मंडळी उलट टोकाला जाऊन म्हणतात, की जितकी कळकट जागा तितकी चव भारी. या दुसऱ्या वाक्याचा मला मनापासून राग आहे. मळक्या फडक्यानं कुठल्याही पदार्थाला चव आलेली मी पाहिलेली नाही. इंदूर तर 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात सतत वरच राहिलेलं शहर. छप्पन दुकान आणि सराफा या दोन्ही ठिकाणांना अन्नसुरक्षा प्राधिकरणानं स्वच्छ स्ट्रीट फूड हब म्हणून मान्यताही दिली आहे. गिऱ्हाईक द्रोण रस्त्यावर टाकायला गेलं तर गाडीवालाच डबा दाखवतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

तरी मान्यतेच्या पाटीवर डोळे मिटून विश्वास ठेवावा, असं ऑडिटर कधी सांगणार नाही. मी तीन ठिकाणी बघते. आधी कढईत. तळून तळून तेल बिघडलं की त्यातल्या पोलर संयुगांचं प्रमाण वाढतं. आपल्याकडे 2018 पासून त्याला 25 टक्क्यांची मर्यादा आहे. गाडीवर हे मोजता येत नाही, पण दिसतं: फेस येतो तो बसत नाही, धूर लवकर निघतो, तेल काळपट आणि चिकट होतं. मग हाताकडे. प्लॅस्टिकचे हातमोजे घालून पैसे घेणारा आणि त्याच मोज्यांनी शेव टाकणारा माणूस दिसला की मी पुढं जाते. धुतलेला उघडा हात त्याहून शंभरपट बरा. पैसे घ्यायला घरातलं दुसरं कुणी बसवलेलं असेल, तर त्या गाडीला माझे निम्मे गुण तिथंच. आणि शेवटी परातीकडे, म्हणजे माल किती वेगानं हलतोय तिकडे. चार पदार्थ करणारा आणि चारही संपवणारा, की चाळीस पदार्थांचा फलक लावून एकेकाची वाट बघणारा? गरम पदार्थ वेगानं खपत असेल तर जंतूंना वेळच मिळत नाही. वेळ हीच सगळ्यात मोठी स्वच्छता, असं म्हटलं तर आमच्या खात्यातले लोक हसतील, पण नियमांच्या पुस्तकात वेगळ्या शब्दांत तेच लिहिलेलं आहे.

विचारायचं कुणाला, हेही महत्त्वाचं. हॉटेलच्या काउंटरवर विचारू नये. तिथला मुलगा पाहुण्याला झेपेल असं सांगतो, म्हणजे गालिचा, एसी आणि पनीर. टॅक्सीवाल्यांचं कधी कधी एखाद्या दुकानाशी साटंलोटं असतं. मी विचारते ते रोज ठरावीक पैशांत पोट भरणाऱ्यांना. माझा सगळ्यात भरवशाचा सल्ला पीथमपूरच्या एका कारखान्यातल्या पॅकिंग विभागाच्या सुपरवायझर बाईंचा. जन्मानं मराठी, तीन पिढ्या इंदूरच्या. मी त्यांना विचारलं होतं, सराफ्यात काय खाऊ? त्या म्हणाल्या, "ताई, ते नंतर बघू. आधी सांगा, तुम्ही आज दुपारी काय जेवल्या?" कँटीनचं जेवण, म्हटलं. "मग आज नका जाऊ. उद्या दुपारी कँटीनला नाही म्हणा, संध्याकाळी चहासोबत बिस्कीटसुद्धा नका घेऊ, नि मग या. भरल्या पोटी गेल्या तर सराफ्याला नावं ठेवाल तुम्ही." कुठलं दुकान, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलंच नाही.

छप्पन दुकानाकडे काही जाणकार नाक मुरडतात. न्यू पलासियातली ही छप्पन दुकानांची ओळ स्मार्ट सिटीच्या पैशांतून नव्यानं बांधली, तीही 56 दिवसांत, आणि आता ती मॉलसारखी दिसते म्हणून. मला त्यात काही वावगं दिसत नाही. वाहनांना बंदी, बसायला जागा, म्हाताऱ्या माणसांना चालायला सपाट फरशी. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी संध्याकाळी तिथंच जावं. जॉनीचा हॉट डॉग म्हणजे नावापुरता हॉट डॉग. तव्यावर तुपात शेकलेला गोल पाव नि आत टिक्की. अंडं खाणाऱ्यांसाठी बेंजो, म्हणजे पावात ऑम्लेट. आणि शिकंजी मागवताना लिंबू-पाणी येईल अशी अपेक्षा ठेवू नये. इंदूरची शिकंजी दुधाची, आटवलेली, केशर-सुकामेव्याची, पेल्यात चमचा जवळजवळ उभा राहील इतकी दाट. ती जेवणानंतर घेतली तर झोप लागते. जेवणाऐवजी घ्यावी.

दाल-बाफल्याबद्दल एकच सूचना. बाफला म्हणजे आधी पाण्यात उकडून मग भाजलेली बाटी, तुपात बुचकळून काढलेली. तो सुट्टीच्या दिवशी दुपारी खायचा. त्यानंतर मीटिंग ठेवू नये.

एक काळजी मात्र आहे. सराफ्याची गल्ली अरुंद, गर्दी वाढत चाललेली, शेगड्यांच्या गॅसच्या टाक्या ओट्यांना टेकलेल्या. सराफ व्यापाऱ्यांनी यावरून तक्रार लावून धरली आणि 2025 मध्ये हा वाद चांगलाच तापला. पारंपरिक पदार्थांच्या गाड्या ठेवायच्या आणि बाकीच्या हलवायच्या, अशी भूमिका महापालिकेनं घेतली. टाक्यांच्या बाबतीत मी सराफांच्या बाजूची आहे. आग लागली तर त्या गल्लीतून माणसं कुठून बाहेर पडणार, हा प्रश्न मला तिथं उभं राहून खातानाही पडतो, सवयच तशी. पण मोमो, चायनीज आणि पेटतं पान सराफ्यात आले कसे, हे विचारायला हवं. इंदूरकर रात्री बाराला घरून निघून मोमो खायला येत नव्हता. कॅमेरा धरून आलेल्या पाहुण्यांना काहीतरी पेटतं, उडतं, चकाकतं हवं होतं. आपण ज्याचा व्हिडिओ काढतो, ते पुढच्या वर्षी दुप्पट होतं. ज्या म्हाताऱ्याच्या किसाचा कुणी व्हिडिओ काढत नाही, कारण त्यात दिसण्यासारखं काही नाही, त्याची गाडी कोपऱ्यात सरकते. पालिका गाड्या हलवील किंवा ठेवील. पाहुण्यांच्या मागणीचं काय करायचं, हे पालिकेच्या हातात नाही.

आम्ही नाशिककरांनी दुसऱ्यांना बोलावं असंही नाही. रविवारी दुपारी दोनला मिसळ खायला पोहोचून, तळाचा रस्सा चाखून ‘पूर्वीसारखी राहिली नाही’ म्हणणारे पाहुणे आम्ही हौसेनं घेऊन जातोच की.

तर यादी नाही, पण फारच आग्रह झाला तर मी एवढं सांगते: सकाळी लवकर उठा, हॉटेलचा नाश्ता फुकट असला तरी सोडा, दुपारी अर्धपोटी राहा, रात्री साडेदहाला बाहेर पडा, आणि जाणं थंडीत ठेवा. थंडीत का, तर गराडू. हा रताळ्याच्या जातकुळीतला वाटणारा, पण खरा कोनफळाच्या पंगतीतला कंद. हिवाळ्यातच येतो. फोडी करून एकदा तळायच्या, आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा तळायच्या. बाहेरून कडक, आतून लोण्यासारख्या मऊ. वर तिखट-आंबट मसाला, लिंबू. बोटं पोळतात आणि तरी कुणी थांबत नाही. उन्हाळ्यात याचं नाव काढलं तर गाडीवाला ‘कुठून आलात’ असं विचारतो.

पीथमपूरच्या त्या कारखान्याचं पुढचं ऑडिट त्यांनी मे महिन्यात सुचवलं होतं. मी डिसेंबरचा दुसरा आठवडा कळवलाय. मुदतीत बसतं. कारणाच्या रकान्यात ‘ऑडिटरची उपलब्धता’ असं लिहिलंय, आणि सुपरवायझर बाईंना तेवढं वेगळं कळवलंय, की त्या दिवशी कँटीनला माझं ताट मांडू नका.